पेट्रोलचा वास येऊन राह्यला!

रोज अप-डाऊन करणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. तेच सकाळी मागच्या सीटवर येऊन बसतात! एक सांगून संपत नाही तोवर दुसरा घडतो. तिसरा घडेपर्यंत पहिला कोणाला नीट आठवत नाही, मग त्यावरून भांडण होतं आणि तो झाला चौथा. आमच्या गाडीतले गेल्या काही महिन्यांतले सगळे किस्से मात्र एकाच विषयाचे आहेत. पेट्रोलचा वास. या विषयाने माझं डोकं इतकं उठवलं आहे की आता कोणी नुसतं "कसला तरी वास येतोय" म्हटलं तरी मी चप्पल घालून बाहेर पडतो. पण तुम्ही विचारलंच आहे, तर ऐका.

आधी माणसं सांगतो. मी यवतमाळात राहतो आणि बोरी अरबच्या शाळेत गणित शिकवतो. माझ्या गाडीत त्याच शाळेतल्या मेश्राम मॅडम असतात, त्या विज्ञान शिकवतात. राठोड सर असतात, ते खेळाचे. आणि तिथल्या बँकेत कॅशियर असलेले देशपांडे. गाडी माझी. छोटी, पांढरी, चौकोनी. एके काळी ही गाडी दारात असणं म्हणजे मास्तरने नाव काढलं असं समजत. आता ती दारात असली की शेजारी विचारतात, "भंगारवाला कधी येणार आहे?"

विचारू देत. माझी मुलगी पल्लवी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणायला म्हणून मी ही गाडी घेतली. नवीन शिकलो होतो. त्या दिवशी दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. मागे सायकलवाले घंट्या वाजवत होते, मी एकालाही साइड दिली नाही. तीच पल्लवी आता राजूरला दिली आहे, जावई कोळशाच्या खाणीत नोकरीला आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. तिला आणायला मी हीच गाडी घेऊन जाणार, दुसरी कुठलीही नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. माझं बाकी काही मागणं नव्हतं.

* * *

वासाचा शोध पहिल्यांदा लावला तो माझ्या बायकोने. माझे शर्ट धुवायला काढताना.

"तुम्ही शाळेतच जाता न?" तिने विचारलं. "का पंपावर नोकरी धरली?"

मी म्हटलं, जुनी गाडी आहे, थोडाफार वास येणारच. माणूस म्हातारा झाला की त्यालाही येतो.

"माणसाले आंघोळ घालता येते!"

तिथेच विषय संपला असता. पण त्याच सुमारास राजूरहून पल्लवीचा फोन आला, गोड बातमी घेऊन. घरात दोन दिवस पेढ्यांचे बॉक्स फिरत होते. पुढच्या फोनपासून उलट्यांचं पुराण सुरू झालं. तिला फोडणीचा वास नको, पावडरचा नको, जावयाच्या डोक्याच्या तेलाचा तर मुळीच नको. एकदा असाच तासभर फोन झाला आणि बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. तिचं ते पाहणं मी ओळखतो.

"जिले जिऱ्याचा वास सहन होत नाही, ती तुमच्या त्या रॉकेलच्या डब्यात बसून येईल काय?"

"पेट्रोलच्या," मी म्हटलं.

"सातव्या महिन्यात तिले आणायचं आहे. तोवर वास गेला तं तुमची गाडी. नाही गेला तं भाड्याची करा आणि ही विकून टाका. माझा शब्द लिहून घ्या!"

मी तो लिहून घेतला नाही. तिचे शब्द लिहून घ्यावे लागत नाहीत, रोज नव्याने ऐकू येतात.

* * *

दुसऱ्या दिवशी मी गाडीत ही गोष्ट काढली. पल्लवीला सगळे लहानपणापासून ओळखतात, त्यामुळे सगळ्यांनी एकदम मनावर घेतली. माझी पहिली चूक ती.

मेश्राम मॅडम म्हणाल्या, "सर, असं अंदाजाने होणार नाही. निरीक्षण पाहिजे. रोज जागा बदलून बसू आणि आपापल्या जागेवरून वास किती येतो ते सांगू."

झालं! दुसऱ्या दिवसापासून आम्ही चार मोठी माणसं संगीत खुर्ची खेळल्यासारखी जागा बदलून बसू लागलो. मला चालवायचं असल्यामुळे मी एकाच जागी होतो, तेवढीच सूट. राठोड सर सहा फुटांच्या वर. ते मागे बसले की गुडघे माझ्या पाठीत. मी ओरडलो की म्हणायचे, "सर, विज्ञानासाठी सहन करा."

सगळ्यांत चोख अहवाल देशपांड्यांचे. "मागे डावीकडे मध्यम. लोहारा सोडल्यावर किंचित वाढ. खिडकी उघडल्यास समाधानकारक घट." बँकेची भाषा! मॅडम खूश. त्यांच्या अहवालावरून आम्ही एका शनिवारी मागची अख्खी सीट उचकटून काढली. तिच्याखाली एक कंगवा, शेंगदाण्याची टरफलं आणि पल्लवीचं बालवाडीतलं एक खोडरबर मिळालं. वास काही मिळाला नाही.

मग मॅडमला संशय आला. एका सकाळी त्यांनी पर्समधून एक डबी काढली, तिचं झाकण उघडलं आणि प्रत्येकाच्या नाकाखाली धरली. "ओळखा."

हिंग होता. चांगला झणझणीत, अर्धी गाडी त्या वासाने भरली. राठोड सरांनी तर मान खिडकीबाहेर काढली. देशपांड्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला, विचार केला आणि म्हणाले, "अत्तर आहे काय?"

मॅडमनी डबीचं झाकण लावलं.

"देशपांडे," मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही?"

"सायनसचं ऑपरेशन झालं तेव्हापासून नाही."

"मग रोज आम्हाला सांगत काय होता?"

"तुम्ही सगळे येते, येते म्हणून राह्यले होते," देशपांडे कळवळून म्हणाले, "मी एकट्याने कायले विरोध करू?"

* * *

आमचे मिस्त्री म्हणजे शकीलभाई. दारव्हा नाक्याच्या पुढे त्यांचं गॅरेज आहे. गाडी दिवसभर ठेवून जा, या एका अटीवर ते काम करतात. आम्हाला दिवसभर गाडी सोडता येते ती फक्त रविवारी. म्हणून मी रविवारी सकाळी गाडी नेली.

संध्याकाळी गेलो तर शकीलभाई खुर्चीवर चहा पीत बसलेले. "सर, वास तं येतच नाही."

मी वाकून बोनेटमध्ये नाक घातलं. खरंच नव्हता! "सकाळपर्यंत होता हो."

"बुरा मत मानो सर. गाडी एकदम फर्स्ट क्लास हाय. तुम्ही एकदा दाखवून घ्या."

"काय?"

"नाक."

मी तरी कार्बोरेटर साफ करून घेतला. घरी येऊन बायकोला म्हटलं, गेला वास. ती म्हणाली, पाहू. सोमवारी संध्याकाळी माझा शर्ट तिने चिमटीत धरून माझ्यासमोर आणला.

मी शकीलभाईंना फोन केला. "आत्ता येऊन राह्यला वास, आत्ता! असे असाल तसे या!"

"सर, लिफ्टवर दुसरी गाडी हाय. संडेले आणा."

संडेला वास नाही. इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा पाइप बदलला. सोमवारी वास हजर. पुढच्या संडेला पंपाचं पॅकिंग बदललं. सोमवारी वास पुन्हा हजर, बुधवारपर्यंत मुक्कामाला. चौथ्या खेपेला शकीलभाईंनाही राग चढला. काचा बंद करून ते गाडीत बसले आणि मलाही शेजारी बसवलं. उन्हात आम्ही दोघं घामाघूम होईस्तोवर लांब लांब श्वास घेत बसलो. रस्त्यावरून जाणारे वाकून वाकून पाहत होते.

"आला?" मी विचारलं.

"फक्त तुमचा येऊन राह्यला सर," शकीलभाई म्हणाले.

* * *

शोध लागत नाही म्हटल्यावर मंडळी उपायाकडे वळली. मला न विचारता! मेश्राम मॅडमनी कोळशाचे तुकडे कापडात बांधून सीटखाली ठेवले, वास शोषून घेतात म्हणून. राठोड सरांच्या आईने बोरीजवळच्या त्यांच्या तांड्यावरून कडुलिंबाचा पाला पाठवला. कोणीतरी कापूर ठेवला, कोणीतरी कांदा कापून ठेवला. हा कोणीतरी आजतागायत सापडला नाही. तीन दिवसांनी तो कांदा मात्र सगळ्यांना सापडला.

बायकोला भाजीबाजारात सोडायला निघालो होतो. तिने दार उघडलं, आत डोकावली आणि दार बंद केलं. "मी चालत जाते. पेट्रोलचाच बरा होता."

पण खरी हद्द केली देशपांड्यांनी. अत्तर प्रकरणापासून ते खजील होते, काहीतरी भरीव करावं असं त्यांच्या मनात होतं. एका सकाळी गाडीत बसले, पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला. "खास केवड्याची आणली," म्हणाले. आम्ही म्हटलं, ठेवा पुढे. ते दुसऱ्या हाताने खिशात चाचपू लागले. मी रस्त्याकडे पाहत होतो. मला फक्त मॅडमचा आवाज ऐकू आला आणि त्यापाठोपाठ फाटकन काहीतरी वाजलं. देशपांड्यांच्या हातावर मॅडमने पट्टी मारावी तशी चापट मारली होती. काड्यापेटी माझ्या पायापाशी येऊन पडली.

"देशपांडे भाऊ!" मॅडम ओरडल्या. "वास तं जाईल, पण त्याच्यासंगं आपणही जाऊ न!"

मी गाडी बाजूला घेतली आणि उतरून रस्त्याकडेला उभा राहिलो. देशपांडे बिचारे हात चोळत म्हणत होते, "मले वास येत नाही हो, माह्या ध्यानातच राहत नाही."

* * *

मधेच राठोड सरांवर संशय गेला. झालं असं की डिकीत एक प्लॅस्टिकची कॅन निघाली. हिरवी, दणकट, बूच घट्ट लावलेली. राठोड सरांच्या भावाकडे पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप आहे हे आम्हाला माहीत होतं. मी कॅन उचलली, हलवली. आत डुचमळलं.

इतके महिने! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या फाटकातच मी त्यांना गाठलं. "राठोड सर, ही कोणाची?"

"माही."

"आम्ही इथे सीटा उचकटतो, मिस्त्रीच्या पाया पडतो, आणि तुम्ही माझ्याच डिकीतून पेट्रोल नेता?"

राठोड सरांनी कॅनचं बूच काढलं, ती दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायले.

पाणी होतं. त्यांच्या तांड्याच्या विहिरीचं. शाळा सुटल्यावर भाऊ भरून आणून द्यायचा आणि सर ते यवतमाळला घरी न्यायचे. "तुमच्या नळाच्या पाण्यात डाळ शिजत नाही सर," ते म्हणाले. "शिट्ट्या देऊ देऊ कुकर मरते. सांगतलं असतं तं तुम्ही हासले असते, म्हणून नाही सांगतलं."

मी माफी मागितली, अगदी मनापासून. ते मोकळ्या मनाचे, लगेच विसरले. मॅडमनी एक तांब्या पाणी मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडीत जाहीर केलं, "सर, खरंच शिजते हो डाळ!"

त्या आठवड्यापासून परतीच्या वेळी माझ्या डिकीत तीन कॅन. लोहाऱ्याच्या वळणावर त्या अशा डुचमळतात की गाडी एकीकडे आणि स्टिअरिंग एकीकडे. मी निघालो होतो पेट्रोलचा वास काढायला आणि झालो पाण्याचा टँकर! आमच्याही घरी एक कॅन येते, ते जाऊ द्या.

* * *

दिवस भरत चालले तशी बायको भाड्याच्या गाडीचं बोलू लागली. एवढ्यावर थांबली असती तर ठीक. तिने महागावच्या आपल्या भावाला फोन लावला आणि तो गुरुवारी संध्याकाळी एक गिऱ्हाईक घेऊनच दारात उभा राहिला. कापसाचा व्यापारी, अंगाने भरदार. मुलाला शिकायला जुनी गाडी हवी होती म्हणे.

शिकायला! म्हणजे माझी गाडी झाडांवर, दुभाजकांवर, म्हशींवर आपटणार. पण मी बिनधास्त होतो. म्हटलं, आता कामाला येईल वास. व्यापारी दार उघडेल, नाक दाबेल आणि जाईल.

त्याने दार उघडलं. आत बसला, मागे रेलला, खुशीत म्हणाला, "वा! काही वासबीस नाही. जुन्या गाड्याइत लय येते."

"येतो," मी म्हटलं. "पेट्रोलचा येतो."

"कुठी येते?"

"नीट घ्या श्वास."

त्याने घेतला. "नाही येत."

"सोमवारी या, येईल."

साळा मला बाजूला घेऊन गेला. "भाऊजी, गाडी विकणारा माणूस गाडीची अशी बदनामी करते काय? लोक लपवतात न!"

मी त्या व्यापाऱ्याला कार्बोरेटर दाखवला, गंज दाखवला, मागच्या दाराचं हँडल हातात काढून दाखवलं. जितके दोष दाखवत गेलो तितका त्याचा माझ्यावरचा विश्वास वाढत गेला. "असा खरा माणूस आजकाल भेटत नाही," असं म्हणून तो बयाण्यासाठी खिशात हात घालू लागला. शेवटी मी सांगितलं, मुलीला आणायचं आहे, तोपर्यंत देता येत नाही. तो एकदम उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "मंग पहिले पोरीले आणा. बाकी नंतर पाहू."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. त्या रात्री तिने भाड्याच्या गाडीचं नाव काढलं नाही. पण अटही मागे घेतली नाही.

* * *

आता तुम्हाला आमची एक पद्धत सांगावी लागेल. आमच्यात पेट्रोलचा हिशेब नाही. दर सोमवारी निघताना पंपावर जायचं, ज्याची पाळी असेल त्याने टाकी भरायची. कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं.

दिवाळीच्या आधी कधीतरी देशपांड्यांच्या पाळीला नोझल खट्कन बंद झालं तसे ते थांबले. नियमच आहे तो. पण काटा फुलच्या केसभर खाली राहिला आणि राठोड सर सहज बोलून गेले, "बँकवाल्याने व्याज कापून घेतलं वाटते!" आम्ही हसलो. देशपांडेही हसले. पण पुढच्या पाळीला त्यांनी खट् झाल्यावरही पंपावरच्या माणसाला सांगितलं, "अजून टाक." त्यापुढच्या सोमवारी मॅडमनी तेच केलं. मग कोणीच खट्वर थांबेना. थांबला तो चिंगूस!

त्या सोमवारी पाळी राठोड सरांची. खट् झालं.

"अजून!"

"काका, भरली."

"हवा हाय आतमध्ये. थांब, हलवतो." राठोड सरांनी दोन्ही हात टपावर ठेवले आणि खो-खोच्या मैदानावर कमावलेली सगळी ताकद लावून गाडी गदागदा हलवली. बुडबुडे आले. "पाह्य! टाक आता!" देशपांडे दुसऱ्या बाजूने मदतीला धावले. मॅडमनी डब्याची पिशवी मागच्या चाकाजवळ खाली ठेवली आणि त्याही टेकू द्यायला आल्या. मी स्टिअरिंगवर हलत होतो.

"सर, माही पिशवी कोणं भिजवली?"

मॅडम पिशवी हातात धरून उभ्या होत्या. तळ ओला होता. त्यांनी ती नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा बदलला. मी उतरलो, खाली वाकून पाहिलं. मागच्या चाकाच्या आतून थेंब पडत होते. टप, टप, टप. टाकीच्या तोंडाची रबरी नळी वरच्या बाजूला चिरली होती. गळ्यापर्यंत भरली की गळायची, बुधवारपर्यंत पातळी उतरली की बंद. आणि आम्ही मिस्त्रीकडे जात होतो रविवारी!

"म्हणजे हा वास तुम्ही लोक भरता!" मी भर पंपावर ओरडलो. "दर सोमवारी! स्वतःच्या हाताने! हलवून हलवून!"

देशपांडे हळूच म्हणाले, "सर, सगळ्यांत जास्त तं तुम्हीच हलवता. तुमची पाळी असली की मले अंदरून उलटी येते."

मॅडमच्या पोळ्या त्या दिवशी फेकाव्या लागल्या. शकीलभाईंनी नळी बदलली आणि छाती फुगवून म्हणाले, "मी बोललो होतो न सर? गाडीत खराबी नव्हती. सवारीत होती!"

आता खट् झालं की थांबायचं, असा ठराव झाला. ठराव पाळणं देशपांड्यांना इतकं जड गेलं की पुढच्या पाळीला त्यांनी भरपाई म्हणून बोरीला सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले. राठोड सर मागे राहतात थोडेच! त्यांनी आलुबोंडे आणि जिलबी आणली. आता माझ्या शर्टांना पेट्रोलचा वास येत नाही, तेलाचे डाग असतात. बायको ते चिमटीत धरून आणतेच.

* * *

सातवा महिना लागला. निघण्याच्या आदल्या सोमवारी मी मुद्दाम टाकी भरून घेतली आणि बायकोला परीक्षेला बोलावलं. तिने काचा बंद केल्या आणि चारही सीटांवर आळीपाळीने बसून वास घेतला. डिकीतही डोकं घातलं. मी बाहेर उभा होतो. पल्लवीच्या दहावीच्या निकालाला मी असा उभा होतो. बायको खाली उतरली, पदर झटकला.

"चालेल," ती म्हणाली.

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. राठोड सरांनी आदल्या संध्याकाळी गाडी धुऊन दिली. मॅडमनी पुढच्या सीटवर उशी ठेवली. देशपांड्यांनी आत काय ठेवलं ते मी निघण्याआधी तपासून घेतलं, बोरांची पिशवी होती.

मी आणि बायको मारेगाववरून गेलो, वणीच्या पंपावर परतीसाठी टाकी खट् होईपर्यंत भरून घेतली. वणीच्या पुढे कोळशाच्या ट्रकांची रांग लागली, मी काचा वर करून घेतल्या. गाडीत कसलाही वास नव्हता. नवीन गाडीतही नसेल इतका नव्हता! राजूरला विहीणबाईंनी पल्लवीची ओटी भरली, जावयांनी सामान डिकीत ठेवलं. पल्लवी हळूहळू पायऱ्या उतरली. तोंडावर तेज आलेलं, चाल जड झालेली. मी पुढे होऊन तिच्यासाठी दार उघडलं. मला त्या क्षणी जगात कोणाकडूनही काही नको होतं.

ती बसली. बायको मागे बसली. मी चावी फिरवली, सगळ्यांना हात दाखवून निघालो. कोपऱ्यावर वळलो तोच पल्लवीने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. मी आणि बायकोने आरशात एकमेकांकडे पाहिलं.

तिने पुन्हा श्वास घेतला. मग वाकून सीटच्या कव्हरचा वास घेतला. डॅशबोर्डचा घेतला. तिचा चेहरा उतरला.

"बाबा, गाडी बदलली काय?"

"नाही बेटा, तीच आहे."

"मंग पेट्रोलचा वास कुठी गेला?"

"काढला!" मी म्हटलं. "तुझ्यासाठी काढला. किती महिने लागलो होतो सगळे! मेश्राम मॅडम, राठोड सर, शकीलभाई..."

पोरगी चक्क रडायला लागली. "कायले काढला बाबा! मले तं तेवढाच पाह्यजे होता!"

मी गाडी बाजूला घेऊन उभी केली. बायको मागून पुढे झुकली. "अवं, तुले तं कोणताच वास सहन होत नव्हता न?"

"फोडणीचा होत नव्हता! पेट्रोलचा होत नाही असं मी कधी म्हटलं?" पल्लवीने ओढणीने नाक पुसलं. "मले कधीचे डोहाळे लागले त्या वासाचे. इथं कोणाले सांगू? एक दिवस ह्यायच्या मोटारसायकलच्या टाकीचं झाकण उघडून उभी होती, तं मामंजी आले. त्यायले वाटलं, सून पेट्रोल चोरून राह्यली! तवापासून एकच वाट पाहून राह्यली होती, बाबाच्या गाडीत कधी बसते म्हणून."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत बसलो. हिंग आठवला, काड्यापेटी आठवली. उन्हात काचा बंद करून शकीलभाईंच्या शेजारी गाळलेला घाम आठवला. मला हसू येत होतं, राग येत होता, आणि शेजारी माझी लेक हमसून हमसून रडत होती. मी आरशात बायकोकडे पाहिलं. तिने नजर खिडकीबाहेर वळवली. मग म्हणाली, "वणीत तो पंप लागते न?"

लागला. मी गाडी आत घेतली, पल्लवीची काच पूर्ण खाली केली. पंपावरचा माणूस आला, मी त्याला चावी दिली. त्याने झाकण काढलं, नोझल उचललं, आत घातलं. लगेच खट्. त्याने वाकून टाकीत पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मागे एक टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

"काका, टाकी तं भरली हाय. मंग आले कायले?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी मागच्या खिडकीतून बायकोचा हात बाहेर आला.

"भाऊ, झाकण लावू नका! राहू द्या जरा उघडं."